मनूला काय आवडतं

४ जानेवारी, रवि.

सकाळी बाळकुमला, मनूला घ्यायला. दर रविवारसारखी गेटबाहेर बाईक लावून उभा राहिलो. एरवी मनू एकटीच लिफ्टने खाली येते. आज सायली सोडायला आली तेव्हाच समजायला हवं होतं.

प्रसादने, म्हणजे सायलीच्या भावाने, गावी समुद्राला लागून पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात. गुहागरच्या पुढे. त्या आता सायली चालवणार. चौथीची परीक्षा झाली की मनूला घेऊन कायमची तिकडे. डब्यात घावन आहेत, चटणी वेगळी बांधलीय, आणि आम्ही मे महिन्यात गावी जातोय राहायला. एका दमात.

मी बोललो, माझ्या रविवारचं काय? बोलली, सुट्टीत येत जा ना. "तिला समुद्र आवडतो, नितीन."

"तिला डोंगर आवडतात," मी बोललो.

आवाज दोघांनीही चढवला नाही, सोसायटीची माणसं ये-जा करत होती. मनू हेल्मेट घालून बाईकशेजारी उभी. काच खाली ओढलेली. आत चेहरा कसा होता ते दिसलं नाही.

ठाकुर्लीहून गुहागर म्हणजे एसटीने अख्खा दिवस. रविवारी निघालो तर पोचेपर्यंत रविवार संपलेला.

६ जाने., मंगळ.

फर्स्ट शिफ्ट. मानपाड्याच्या कंपनीतून सुटलो ते थेट तावडे वकिलांकडे. घटस्फोट दोघांच्या संमतीने होतोय, त्यात वाद नाही. मुलीचा ताबा तिच्याकडे, रविवार माझे, हेही मान्य केलेलं. पण तावडे बोलले, मुलीला असं लांब न्यायचं तर एकतर तुमची संमती लागते नाहीतर कोर्टाचा हुकूम. आपण विरोध करू. पण मुलगी नऊ वर्षांची आहे. जज तिला चेंबरमध्ये बोलावून विचारतील. ती काय सांगते त्याला वजन असतं.

मग विचारलं, तुमच्याबरोबर ती काय करते रविवारी?

डोंगर चढतो आम्ही, मी बोललो. येऊर, मलंगगडाचा पायथा, बदलापूरकडचे लहानसहान.

"मग तेच धरा, नितीनराव. फोटो काढत जा. डोंगर म्हणजे वडील, असं तिच्या तोंडून आलं की आपलं काम निम्मं झालं."

येताना बाईकवर हेच वाक्य डोक्यात. डोंगर म्हणजे वडील. ऐकायला बरं वाटलं, खोटं का बोला.

११ जाने., रवि.

येऊर. थंडी छान होती. मनू पूर्ण वाट कुरकुर न करता चढली. वर दगडावर बसून घावन खाल्ले. (डबा आईच्या हातचा, डोंगर माझा. असले हिशेब डोक्यात यायला लागलेत.)

फोटो बरेच काढले. मोबाइल वर केला की ती हसते. खाली केला की तोंड पुन्हा पहिल्यासारखं. घरी येऊन एकापाठोपाठ एक बघितले तेव्हा जाणवलं, सगळ्यांत हसू एकच आहे.

उतरताना विचारलं, मनू, समुद्र जास्त आवडतो की डोंगर?

"डोंगर." मी वाक्य पूर्ण करायच्या आत.

१४ जाने., बुध.

संक्रांत. व्हिडिओ कॉल. तिळगुळ मोबाइलसमोर धरून दाखवला. शाळेत चित्र काढायला सांगितलेलं, आवडती जागा. तिने समुद्र काढलाय. निळा खडू घासून घासून कागद फाटायला आलेला. छान आहे, बोललो. मी पुढे काही बोलायच्या आत तिचं सुरू, की डोंगराचं पण काढलंय बाबा, ते शाळेत राहिलं.

काढलेलं नाही. मला माहीत आहे. शाळेत राहिलं सांगताना ती डाव्या बाजूला बघते.

१८ जाने., रवि.

आजचा रविवार बुडाला. मामाच्या खोल्यांचं उद्घाटन म्हणून सायली तिला गावी घेऊन गेली. वकिलामार्फत आधी कळवून, सगळं रीतसर. कपडे धुतले. दुपारी भात लावला आणि खाल्ला नाही. ठाकुर्लीची ही खोली एरवी रविवारी मी बघतच नाही. आज दिवसभर बघितली.

प्रसादने स्टेटसला व्हिडिओ टाकलाय. मनू लाटेच्या पुढे पुढे पळतेय, किंचाळतेय. मागून सायलीचा आवाज, मनू सांग, काय आवडतं तुला? "समुद्रऽऽ"

परत परत लावला. म्हणजे तिकडेही तेच चाललंय. तिच्या वकिलानेही सांगितलं असणार, व्हिडिओ काढत जा. पोरगी एक, दोन्हीकडून कॅमेरे लावलेत.

मला काही सुचत नाहीये. ती गेली तर

२१ जाने., बुध.

गावी आईला फोन केला. अकोले तालुक्यात डोंगराच्या पोटाशी आमचं घर, आई तिथे एकटीच. सगळं ऐकून घेतलं. सायलीला एक शब्द वाईट बोलली नाही. फक्त बोलली, "लेकराला एकदा इकडं आण रे. मला बघू तरी दे. नंतर कोण कुठं आसंल."

सव्वीस जानेवारी सोमवारी येतेय. जोडून दोन दिवस मागतो. सायली बहुतेक हो म्हणेल, मागचा रविवार तिने घेतलाय.

२३ जाने., शुक्र.

हो म्हणाली. तावडे खूश. बोलले, गावचा डोंगर, आजी, वरून एक चांगला फोटो. असं काहीतरी हवंच होतं आपल्याला.

२६ जाने., सोम.

घरी आलो. मनूला सोडून. लिहावंसं वाटत नाहीये. तरी लिहितो.

कालचा दिवस चांगला गेला. कल्याणहून एसटी, संध्याकाळी घरी. आईने चुलीवर बाजरीची भाकरी केली, मनूने दूध घालून खाल्ली. आजीच्या कुशीत झोपली.

आज सकाळी डोंगरावर. आमच्या घरामागचा. लहानपणी शेळ्यांमागे अनवाणी चढायचो तो. निम्मी वाट सोपी. वर एका ठिकाणी कातळ आहे, पायापुरत्या खोबण्या खोदलेल्या, उंची दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. मोठ्यांना काहीच नाही. मी खालून हात लावतो, तू वर जा, एवढंच सांगितलं तिला.

मधोमध गेली आणि थांबली. बोटं खोबणीत घट्ट, गाल दगडाला लावलेला. मी बोललो, घाल पाय वर. नाही घातला. बोललो, बस, थोडंच राहिलंय. बोललो, बाबा आहे ना खाली. कितीदा बोललो. पुण्याकडचा एक ग्रुप आलेला, ते मागे खोळंबले. त्यांच्यातली एक बाई बोलली, अहो उतरवा तिला. मला राग आला तिचा. माझी मुलगी आहे, तिला डोंगर आवडतात, हे माझ्या तोंडून गेलं त्या बाईला. आणि मी मनूचा पाय हाताने उचलून वरच्या खोबणीत ठेवला.

तेव्हा ती बोलली. डोळे मिटलेले. आवाज अगदी बारीक, पण शहाण्या मुलीसारखा.

"बाबा, मला आवडतंय. खरंच आवडतंय. पण मला खाली घे ना."

माझ्या मनगटावर काहीतरी गरम आलं. कळायला वेळ लागला. तिला शू झालेली.

खाली घेतली. पाठुंगळी घेऊन घरापर्यंत आणली. गुडघा खरचटलेला. वाटेत रडली नाही. आईने काही न विचारता तिला न्हाऊ घातलं, आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून बसवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

एसटीत मनू खिडकीशी. कल्याण जवळ आल्यावर बोलली, आईला नको सांगूस हां. मी बोललो, नाही सांगणार. तिला वाटलं मी तिच्यासाठी बोलतोय.

२७ जाने., मंगळ.

शिफ्टमध्ये दोनदा चुकलो. सुपरवायझर बोलला, घरी जा हवं तर. घरी जाऊन काय करू?

कातळाच्या आधी काढलेला फोटो आहे. ती आणि मी, मागे पूर्ण दरी, ती हसतेय. तावडेंचा मेसेज आला, फोटो पाठवा.

पाठवला.

१ फेब्रु., रवि.

सायली खाली आलेली. गुडघ्याचं विचारलं. मी बोललो, घसरली. मनू माझ्या तोंडाकडे बघत होती. सायली बोलली, झोपेत दचकून उठते रे ती, काही झालं का तिकडे? नाही, बोललो. एवढी वर्षं एका घरात काढलीत, माझं खोटं तिला कळतं. पण तीही काही बोलली नाही. का ते कळलं नाही.

मनूला विचारलं नाही कुठे जायचं. तलावपाळीला नेलं, बोटीत बसवलं, आइस्क्रीम दिलं. तिने दोनदा विचारलं, आज डोंगर नाही? मी नाही म्हटल्यावर चेहरा सैल पडला. आणि तो सैल पडलेला मला दिसू नये म्हणून लगेच बोलली, पुढच्या रविवारी जाऊ.

नऊ वर्षांची आहे. हे कुठून शिकली? आमच्याकडूनच.

८ फेब्रु., रवि.

आज मी तिला समुद्रावर नेलं.

का, ते नीट सांगता येत नाही. बघायचं होतं. उत्तनवरून पुढे गोराई, बाईकवर. वाटेत तिने विचारलं, आईला माहिती आहे? बोललो, माहिती नसलं तरी चालेल, लपवायचंही नाही.

मला समुद्र कधीच जमला नाही. सपाट, कुठे पोचायचं नाही, वाळू चपलेत. लग्नानंतर सायलीच्या माहेरी जायचो तेव्हा मी अंगणात पेपर वाचत बसायचो. ती एकटी जायची किनाऱ्यावर. आमच्यात हे भांडण तेव्हापासून, पण तेव्हा ते थट्टेचं होतं. यंदा समुद्र की डोंगर. एक वर्ष तिचं, एक माझं.

मनूने सँडल काढले आणि गेली. गेलीच. घोट्यापर्यंत पाण्यात, मग गुडघ्यापर्यंत. वाकून काहीतरी उचलायची, बघायची, टाकायची. स्वतःशी बडबड चाललेली. मी वाळूवर बसून होतो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं काय वेगळं वाटतंय ते. तिने एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नव्हतं.

डोंगरावर ती दर चार पावलांनी माझ्या तोंडाकडे बघते. बाबा खूश आहे का. मी समजत होतो तिला माझी सोबत आवडते.

फोटो काढला नाही. काढला असता तर कोणाच्या बाजूने लागला असता?

निघताना केस वाऱ्याने गुंतलेले, ओठ खारट. बाईकवर पाठीला चिकटून बसली आणि कानाशी येऊन बोलली, "बाबा, मला डोंगर पण आवडतो हां."

तिला सोडून परतताना पत्रीपूल कधी आला कळलं नाही. डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं, बाजूला थांबायला हवं होतं.

१० फेब्रु., मंगळ.

तर असं आहे. ती कोर्टात खरं बोलली तर जाते. माझ्यासाठी खोटं बोलली तर राहते. आणि ती माझ्यासाठी खोटं बोलेल. मला खात्री आहे. बिचारी सवयीने बोलेल.

आणि मला ते हवंय. हेही लिहून ठेवतो. आज दिवसभर हवं होतं.

१३ फेब्रु., शुक्र.

लोटेला एका ओळखीच्याला फोन केला. चिपळूणकडे एमआयडीसी, तिथून गुहागर निदान एका दिवसात जाऊन येण्यासारखं. माझ्यासारखं क्वालिटी तपासायचं काम काही आहे का? बोलला, सध्या आहेत त्यांनाच कमी करतायत. नाव सांगून ठेवतो. असं सगळेच सांगून ठेवतात.

दुसऱ्या एका कंपनीला अर्ज मेल केला. उत्तर नाही.

१७ फेब्रु., मंगळ.

कोर्टातल्या समुपदेशक मॅडमकडे बोलावलेलं. आधी मनू एकटी आत. मग आम्ही दोघं. मॅडम वयस्क, शांत. मुलीने काय सांगितलं ते सांगितलं नाही. एवढंच बोलल्या, की मी काहीही विचारलं तर ती आधी माझा चेहरा बघते आणि मला काय हवंय त्याचा अंदाज घेते. "तुम्ही दोघांनी तिला प्रश्न विचारणं थांबवा. कोणताही."

बाहेर बाकावर मी आणि सायली. मनू पाणी प्यायला गेलेली. सायली समोर बघत बोलली, मला माहितीय तू तिला गोराईला नेलंस. तिने सांगितलं मला. घाबरत घाबरत, काहीतरी गुन्हा केल्यासारखं.

मग बोलली, तुझ्यापासून तोडायला नेत नाहीये रे. मी इथे नाही राहू शकत. सकाळी उठले की त्या चोविसाव्या मजल्यावरून खाली बघते आणि वाटतं, आज कशासाठी. तिथे माझी माणसं आहेत. निदान कोणीतरी हाक मारेल.

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. की मीच ऐकलं नव्हतं? ती खूप बारीक झालीय. मी बोललो, डॉक्टरला दाखवलंस का? हो, बोलली, गोळ्या चालू आहेत.

मला कातळाचं सांगायचं होतं तिला. तोंड उघडलं. तेवढ्यात मनू आली, बाटली भरून, आणि आमच्या दोघांच्या बरोब्बर मध्ये बसली. इकडे नाही, तिकडे नाही.

२२ फेब्रु., रवि.

पाऊसबिऊस नाही, आजार नाही, तरी आज कुठेच गेलो नाही. ठाकुर्लीच्या खोलीवर आणलं. तिने अभ्यास केला, मी पोहे केले. एकही प्रश्न विचारला नाही तिला. इतकं अवघड असेल वाटलं नव्हतं. पोह्यांवर खोबरं घालू का, हेही विचारायचं नाही. घातलं. तिने बाजूला काढून ठेवलं. छान.

तावडेंना फोनवर बोललो, विरोध मागे घेतला तर? बोलले, नितीनराव, एकदा सोडलं की परत मिळत नाही. विचार करा. मुलगी मोठी होते, मग तिला सवयही राहत नाही आपली.

विचारच करतोय. दुसरं करतो काय?

५ मार्च, गुरु.

आज चेंबर.

सायलीने तिला दोन वेण्या घातलेल्या. आम्ही तिघं बाकावर, वकील खिडकीशी उभे. रात्रीच ठरवलं होतं, तिला सांगायचं, समुद्र सांग. बिनधास्त सांग, बाबाला राग नाही. वाक्य पाठ केलं होतं.

ती माझ्या बाहीला धरून हळू बोलली, काय सांगू आत?

पाठ केलेलं वाक्य आलं नाही. आलं ते एवढंच, "खरं सांग."

मनूने थोडा विचार केला. मग विचारलं, "खरं म्हणजे कुणाचं?"

सायलीने ऐकलं. तिने तोंड फिरवलं. मी काहीतरी बोलणार होतो, पण शिपायाने नाव पुकारलं आणि मनू उठून त्याच्यामागे गेली. पाठ ताठ, शाळेत स्टेजवर जाते तशी. दार लागलं.

आतून काही ऐकू येत नव्हतं. सायलीच्या हातात मनूची पाण्याची बाटली, ती झाकण उघडत होती, लावत होती.

बाहेर आली तेव्हा रडलेली नव्हती. भूक लागलीय, बोलली. कँटीनमध्ये इडली घेतली. तावडे आणि सायलीचा वकील दोघंही लांबून बघत होते. मीही विचारलं नाही, सायलीनेही नाही. मॅडमनी सांगितलेलं म्हणून, की भीतीने, माहीत नाही.

मनूच बोलली, चमचा चाटत. "त्यांनी समुद्र-डोंगर विचारलंच नाही."

मग काय विचारलं?

"मैत्रिणी कोण. वेण्या कोण घालतं. बाबाच्या घरी माझी उशी आहे का." थांबली. "आणि मला कशाची भीती वाटते."

तू काय सांगितलंस, सायलीने विचारलं. मनूने मान हलवली. सांगणार नाही. पहिल्यांदा तिने आम्हा दोघांनाही एखाद्या गोष्टीचं उत्तर दिलं नाही.

माझ्या मनात पहिलं काय आलं? की तिने कातळाचं सांगितलं तर माझी केस गेली. हे पहिलं आलं. तिची भीती नंतर.

७ मार्च, शनि.

ऑर्डर राखून ठेवलीय. पुढची तारीख एप्रिलमध्ये, परीक्षेच्या आसपास.

जेवायला बसलो तेवढ्यात सायलीचा फोन. कामाशिवाय तिने फोन करून किती महिने झाले असतील. मनू बाजूच्या मुलीकडे खेळायला गेलीय, बोलली.

मग मी सांगितलं. कातळाचं, सगळं. पाय उचलून ठेवलेला तेही, फोटो पाठवला तेही. ती ओरडेल, उद्या हेच तिच्या वकिलाकडे जाईल, हे माहीत असून. ती ओरडली नाही. बोलली, तिचं ते झोपेत दचकणं मला पाण्यामुळे वाटलेलं. गावी एकदा लाटेने पडली होती ती, नाकातोंडात पाणी गेलं. मी तिला परत पाण्यात उभं केलं, व्हिडिओसाठी.

मग विचारलं तिने, "तुला काय वाटतं, काय सांगितलं असेल तिने?"

मला नाही माहीत, बोललो.

मलाही नाही, बोलली.

फोन तसाच कानाला. तिकडे तिच्या खिडकीत वारा वाजत होता, चोविसाव्या मजल्यावरचा. इकडे भात गार होत होता. ठेवू का, असं दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही.